लग्नपत्रिकेतली खिडकी

बाई, सादर नमस्कार.

हे पत्र शाळेच्या गेटवर तुमच्या हातात देता आलं असतं. पण तुम्ही "अहो, असं काय करता" म्हणून ते पर्समध्ये टाकलं असतं आणि लगेच दुसऱ्या मुलाचं काहीतरी काढलं असतं. म्हणून चारचौघांत लिहितेय.

माझा मुलगा चौथीत तुमच्या वर्गात आला, तेव्हा वाचनाचा तास आहे म्हटलं की त्याच्या पोटात दुखायचं. नाटक नव्हतं ते. घाम फुटायचा, ओठ पांढरे पडायचे. आधीच्या खाजगी शाळेत तीन वर्षं त्याला सगळ्यांसमोर उभं करून वाचायला लावलं होतं. अडखळला की वर्ग हसायचा आणि शिकवणारी व्यक्ती हसू द्यायची. वहीवर लाल शाईने शेरा यायचा, 'अभ्यासात लक्ष नाही'. मला बोलावून विचारलं, "घरी कोणी बघत नाही का याच्याकडे?" मी वागळे इस्टेटमध्ये पॅकिंगला जाते, रात्री आठला घरी येते. ते वाक्य घेऊन मी स्टेशनपासून लोकमान्य नगरपर्यंत बसमध्ये उभी होते, ते अजून विसरलेले नाही. शेवटी तर सांगितलं की याच्यामुळे वर्गाचा निकाल खाली येतो, दुसरी शाळा बघा. मुलाला मानसिक त्रास द्यायला शिक्षणहक्क कायद्यात बंदी आहे, हे मला फार नंतर कळलं. कळलं असतं तरी तेव्हा बोलायची हिंमत झाली असती का, सांगता येत नाही.

दुसरी शाळा म्हणजे तुमची, महापालिकेची. मी त्याला मनावर दगड ठेवून तिथे घातलं, हे आज कबूल करते. 2020 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम यादीतल्या बाकीच्या शिक्षकांना वाटून दिली. तेव्हा आमच्या चाळीत सगळ्यांना केवढा अभिमान वाटला होता! पण आपलं पोर सरकारी शाळेत घालायला कोणी तयार नव्हतं. मीही नव्हते.

पहिल्याच आठवड्यात तुमच्या लक्षात आलं की हा आळशी नाही. तुम्ही मला बाकावर बसवून पाटीवर 'दिवा' लिहून दाखवलात. "बघा ताई, वेलांटी लिहायची द च्या आधी आणि बोलायची द च्या नंतर. आपल्याला ते जाणवत पण नाही. याला प्रत्येक अक्षराला थांबून जुळवावं लागतं. वर मात्रा, खाली उकार, त्यात घ आणि ध, भ आणि म सारखे दिसतात. बुद्धी चांगली आहे त्याची, फक्त अक्षर आणि आवाज यांची गाठ सैल आहे." अध्ययन अक्षमता हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. 2016 च्या दिव्यांग कायद्यात ती आहे, परीक्षेत वाढीव वेळ आणि लेखनिक मिळतो, हेही तुम्हीच सांगितलंत. सायनच्या हॉस्पिटलच्या खेपा, तपासण्या, दाखला, ते सगळं झालं. त्यावर लिहीत बसत नाही.

मला लिहायचंय ते त्या पत्रिकेबद्दल.

एका सोमवारी तो घरी आला तो हातात एक जाड पुठ्ठा घेऊन. जुनी लग्नपत्रिका होती. कडेला सोनेरी वेल, एका कोपऱ्यात अर्धा गणपती, आणि मधोमध ब्लेडने कापलेली एक लांबट फट. ती पुस्तकावर ठेवली की एकच ओळ दिसते, बाकीचं पान झाकलं जातं. ओळ वाचून झाली की पत्रिका खाली सरकवायची. मी त्याला घाबरत विचारलं, "वर्गात तुला एकट्यालाच दिली का रे?" कारण मला माहीत होतं, एकट्यालाच दिली असेल तर उद्यापासून ती दप्तराच्या तळाशी जाणार.

तो म्हणाला, "नाही, सगळ्यांना दिली. बाईंकडे पण आहे. बाई पण तीच लावून वाचतात."

बाई, मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले.

गरज एका पोराला होती आणि तुम्ही वर्गातल्या सगळ्यांच्या पत्रिका कापल्यात. रविवारी बसून, तेही जुन्या पत्रिका शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून मागून आणून. शिवाय स्वतःही त्यातून वाचलंत, म्हणजे ती कोणाचीच कुबडी राहिली नाही, ती वाचायची रीत झाली. हे कोणत्या प्रशिक्षणात शिकवतात, मला माहीत नाही. मला वाटतं हे माणसाच्या आत असावं लागतं. दुसऱ्याची लाज झाकताना आपण काही झाकतोय हेसुद्धा दिसू द्यायचं नाही, एवढी माणुसकी मी मोठमोठ्या शिकलेल्यांत पाहिलेली नाही.

त्याच्या पत्रिकेच्या मागच्या बाजूला लहान मुलांची ओळ छापलेली होती. गणपतीच्या सुट्टीत एका संध्याकाळी मी भाकरी थापत होते आणि त्याने ती न थांबता वाचली. "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!" कोणाचा मामा, कोणाचं लग्न, देव जाणे. मग बसच्या पाट्या सुरू झाल्या. 'माजिवडा' वाचला त्या दिवशी तो मला बसमधून हात धरून खाली उतरवत होता, इतका मोठा झाल्यासारखा.

2024 मध्ये 20 मेला लोकसभा झाली आणि 20 नोव्हेंबरला विधानसभा. दोन्ही वेळा तुम्हाला निवडणुकीची ड्युटी होती. मतदार यादीचं बाड काखेत घेऊन तुम्ही आमच्या गल्लीत आलात, जिना चढून वर आलात, आणि पाणी पिता पिता त्याच्याकडून अर्धं पान वाचून घेतलंत. 5 सप्टेंबर जवळ आला की मला हे आठवतं. राज्याच्या शिक्षक पुरस्काराला सावित्रीमाईंचं नाव आहे, राष्ट्रीय पुरस्कारासाठी तर 2018 पासून शिक्षक स्वतः अर्ज करू शकतात. मी तुम्हाला विचारलं होतं, तुम्ही का भरत नाही? तुम्ही म्हणालात, "फाइलीत लावायला फोटो हवेत हो, माझ्याकडे कुठे आहेत." पत्रिका कापतानाचा फोटो कोण काढणार होतं? ज्यांना पुरस्कार मिळतात त्यांचा मान आहेच. पण निवड करणाऱ्यांनी एकदा चौथीच्या पालकांनाही विचारावं. आम्ही सांगू.

तो आता सहावीत आहे. पत्रिका कंपासमध्ये मावत नाही म्हणून भूगोलाच्या पुस्तकात असते, आता तिची गरज कधीतरीच लागते.

पुढच्या महिन्यात माझ्या नणंदेचं लग्न आहे. जांभळी नाक्यावर पत्रिका छापायला दिल्या, तेव्हा मुलांची ओळ कोणाच्या नावाने घालायची असं दुकानदाराने विचारलं. माझ्या मुलाने ती स्वतः कागदावर लिहून दिली, वेलांट्यांसकट: "आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!" तुमची पत्रिका घेऊन तोच येणार आहे. आणि पन्नास पत्रिका जास्तीच्या छापल्यात, जाड पुठ्ठ्याच्या. त्या तुमच्या या वर्षीच्या वर्गासाठी बांधून ठेवल्या आहेत. या वेळी कापायला मी येते.

तुमच्या विद्यार्थ्याची आई
लोकमान्य नगर, ठाणे