कोणतं लेझर? किती नॅनोमीटरचं?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात अर्ध्या पानाची जाहिरात होती, मूळव्याध, भगंदर, मोतीबिंदू, पायाच्या फुगलेल्या नसा, सगळं काही लेझरने, चिरा नाही टाका नाही, दुसऱ्या दिवशी ड्युटीवर. आतल्या पानावर तेच मॅटर जरा बातमीसारखं करून छापलं होतं, फक्त कोपऱ्यात बारीक अक्षरात काहीतरी होतं जे मला चष्मा लावूनही वाचता आलं नाही. म्हणून हे पत्र लिहून राहिलो. लांब होईल, आधीच सांगतो.

मी कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये 31 वर्षं लॅब असिस्टंट होतो, आता रिटायर. डॉक्टर नाही, शास्त्रज्ञ तर नाहीच नाही, पण लेझर नावाची वस्तू रोज हातात होती. बीएस्सीच्या पोरांना डिफ्रॅक्शनचं प्रॅक्टिकल असायचं, हेलियम निऑनची नळी, 632.8 नॅनोमीटर (म्हणजे प्रकाशाच्या लहरीची लांबी, तिच्यावरूनच रंग ठरतो), भिंतीवर लाल ठिपका. ताकद एक-दोन मिलिवॅट, त्यानं कागदही जळत नाही, पण डोळ्यात पाहायचं नाही म्हणून मी दर वर्षी नवीन पोरांवर ओरडायचो. एवढं एक डोक्यात पक्कं बसलं की लेझर म्हटलं की पहिला प्रश्न, किती नॅनोमीटरचं, आणि दुसरा, ताकद किती. त्याशिवाय नुसतं लेझर म्हणणं म्हणजे दुकानात जाऊन 'एक औषध द्या' म्हणण्यासारखं आहे.

तर झालं असं की तीन वर्षांपूर्वी आमच्या सौ.चा मोतीबिंदू काढायचा होता. शहरातलं एक हॉस्पिटल, नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही कारण हे सगळीकडेच सुरू आहे. काउंटरवर पॅकेजचा कागद पुढे आला, साधं, मग फेको, मग लेझर, आणि लेझर 15 हजारांनी जास्त. मी आपला सवयीप्रमाणे विचारलं, कोणतं लेझर? ती पोरगी म्हणे, काका ॲडव्हान्स लेझर. मी म्हटलं बाई किती नॅनोमीटरचं, तर तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग सौ.कडे पाहिलं, आणि सौ.नं मला कोपरानं ढोसलं. भरले पैसे. डोळ्याचा मामला, तिथं कोण घासाघीस करते बाप्पा.

ऑपरेशन झक्कास झालं, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण घरी येऊन डिस्चार्ज कार्ड वाचलं तर त्यावर फेको लिहिलेलं, आत बसवलेल्या भिंगाचा नंबर लिहिलेला, आणि लेझर हा शब्द कुठ्ठेच नाही. फॉलोअपला गेलो तेव्हा डॉक्टरांना विचारलं, तर ते हसले, म्हणाले काका पेशंट लोकच त्याला लेझर म्हणतात. बरोबर आहे, म्हणतात. पण मग काउंटरवरच्या कागदावर फेकोची आणि लेझरची ओळ वेगवेगळी काहून होती?

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, फेकोमध्ये लेझर नसते. तो आवाज आहे, आपल्या कानाला ऐकू न येणारा. बारीक सुईसारखं टोक सेकंदाला साधारण 40 हजार वेळा थरथरते, त्यानं आतलं धुरकट भिंग फोडते आणि त्याच नळीतून ते शोषून घेते. न्यूयॉर्कचे डॉ. चार्ल्स केलमन यांनी 1967 मध्ये ही पद्धत आणली आणि त्यांना ती सुचली दातवाल्याच्या खुर्चीत, दात साफ करायचं अल्ट्रासाउंडचं मशीन तोंडात चालू असताना. म्हणजे फेको ही आपल्या जागी मोठीच गोष्ट आहे, तिला लेझरचं नाव उसनं घ्यायची गरज नाही.

गंमत पुढे आहे. दोन वर्षांनी सौ.ला त्याच डोळ्यानं पुन्हा धुकं दिसायला लागलं. नवीन भिंगाच्या मागची पातळ पिशवी असते ती काही जणांची धुरकट होते, त्यात कोणाची चूक नसते. या वेळी दुसरीकडे गेलो. मशीनवर हनुवटी टेकवून बसवलं, टिक टिक टिक, पाच मिनिटं, पडद्याला मधोमध खिडकी पडली आणि बाई बाहेर येऊन समोरच्या केमिस्टच्या बोर्डावरचे स्पेलिंग वाचू लागल्या. ते खरं लेझर होतं, निओडिमियम याग, 1064 नॅनोमीटर. किती नॅनोमीटरचं हेही तिथल्या टेक्निशियन पोरानं न विचारता सांगितलं, मला तर त्याला घरी जेवायलाच बोलवावंसं वाटलं. बिल आधीच्या त्या 15 हजारांच्या आसपासही नव्हतं.

आता कोणी म्हणेल की मोतीबिंदूतही लेझर आलं आहे. आलं आहे, फेम्टोसेकंद लेझर, म्हणजे अतिशय छोट्या छोट्या झटक्यांनी चालणारं. आत जायची खाच, भिंगाच्या पिशवीचा गोल कट, भिंगाचे सुरुवातीचे तुकडे, हे सगळं ते करते, पण माल बाहेर काढायला मागून बहुतेक वेळा फेकोच लागते. फ्रान्समधल्या पाच युनिव्हर्सिटी हॉस्पिटलांनी मिळून याची मोठी चाचणी केली, नाव फेमकॅट, 2020 मध्ये लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात छापून आली. निष्कर्ष असा की साध्या फेकोपेक्षा ते सरस ठरत नाही आणि महाग मात्र पडते. जे तिकडं मोजून पाहिलं ते इकडं रेटकार्डवर सगळ्यात वरच्या ओळीत बसलं आहे.

पित्ताशयाच्या खड्यांचंही तेच, ऑपरेशन दुर्बिणीनं होते आणि गल्लीभर सांगतात लेझरनं केलं. दुर्बीण म्हणजे कॅमेरा, प्रकाश आणि भिंगांची नळी. त्या नळीत काचेच्या लांब कांड्या बसवायची युक्ती हॅरॉल्ड हॉपकिन्स यांची, तेच हॉपकिन्स ज्यांनी आपल्या पंजाबातल्या मोग्याच्या नरिंदरसिंग कपानी यांच्यासोबत 1954 मध्ये काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवून दाखवलं. आज किडनीतला खडा फोडायला लेझर आत नेतात ते अशाच तंतूमधून. तिथं लेझर खरंच असते, होल्मियम, 2100 नॅनोमीटरच्या आसपास.

आणि हे आकडे मी शायनिंग मारायला देत नाही. सगळा खेळ त्याच आकड्यांचा आहे. 10,600 नॅनोमीटरचा कार्बन डायऑक्साइड लेझरचा किरण पाणी लगेच पिऊन टाकते, आणि आपलं मांस म्हणजे बहुतांश पाणीच, म्हणून तो वरच्यावर कापतो आणि बारीक रक्तवाहिन्या जागीच बंद करत जातो. 1064 वाला खोल शिरतो. हिरवा 532 वाला रक्ताचा लाल रंग पकडतो. हे कार्बन डायऑक्साइड लेझर कोणी शोधलं माहीत आहे? कुमार पटेल, जन्म आपल्या बारामतीचा, शिक्षण पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातलं, अमेरिकेत बेल लॅबमध्ये 1964 साली. बारामतीच्या बातम्या रोज छापता साहेब, कधीतरी हीसुद्धा छापा.

दुसरं नाव रंगस्वामी श्रीनिवासन, मद्रासचे. न्यूयॉर्कजवळ आयबीएममध्ये काम करायचे. 1981 च्या नोव्हेंबरात त्यांच्याकडे सणाचं जेवण झालं, टर्की पक्षी उरला, दुसऱ्या दिवशी, म्हणजे 27 तारखेला, ते उरलेलं मांस डब्यात घालून लॅबमध्ये घेऊन गेले आणि 193 नॅनोमीटरच्या, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या अतिनील किरणांच्या एक्सायमर लेझरखाली धरलं. हिरव्या लेझरनं कडा जळून काळ्या झाल्या, 193 वाल्यानं सुरीनं कापावं तशी स्वच्छ खाच पाडली, आजूबाजूला काहीच जळलं नाही, कारण ते तापवत नाही, रेणूंचे बंधच तोडते, एका फटक्यात साधारण पाव मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). सोबत जेम्स वाइन आणि सॅम्युअल ब्लम होते. त्या टर्कीच्या तुकड्यावरून पुढे डोळ्याच्या नंबरचं लॅसिक आलं. आमच्याकडे लग्नाचं उरलेलं जेवण दुसऱ्या दिवशी फक्त शेजारी जाते, असो.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी खरं तर पेन उचललं.

गांधीसागर तलावासमोर रमण विज्ञान केंद्र आहे, आपण सगळे पोरांना घेऊन गेलो आहोत. पण सर सी. व्ही. रमण खरंच काही महिने नागपुरात सरकारी अकाउंट्सच्या नोकरीत होते, 1910 च्या सुमारास, हे किती जणांना माहीत आहे? पुढे कलकत्त्यात 28 फेब्रुवारी 1928 ला त्यांना जे सापडलं ते असं, की वस्तूवर एका रंगाचा प्रकाश टाकला तर विखुरलेल्या प्रकाशातला अगदी थोडा, कोटीत एखादाच कण, रंग बदलून येतो, आणि किती बदलतो त्यावरून समोरचा रेणू कोणता ते कळते. इतका क्षीण उजेड पकडायचा कसा, तर त्यासाठी तगडा आणि एकाच रंगाचा दिवा पाहिजे. तो दिवा मिळाला 16 मे 1960 ला, थिओडोर मायमन यांच्या रूबी लेझरपासून, म्हणजे जगातल्या पहिल्या लेझरपासून.

त्याचं ऑपरेशनशी काय नातं, तर तोंडाच्या कॅन्सरमध्ये सर्जनची सगळ्यात मोठी पंचाईत असते की गाठ कुठे संपते. डोळ्याला जिथपर्यंत दिसते त्याच्या पुढे चांगला भाग किती घ्यायचा? कमी घेतला तर रोग मागे राहतो, जास्त घेतला तर माणसाचं गिळणं-बोलणं जाते. तुकडा पॅथॉलॉजीत पाठवायचा, पेशंट बेशुद्ध, सगळे वाट पाहत उभे. तिथं जर पेनासारखा प्रोब कडेवर टेकवून काही सेकंदांत मशीन सांगेल की इथं अजून आहे, तर केवढं काम होते. मॉन्ट्रियलच्या लोकांनी 2015 मध्ये मेंदूच्या ऑपरेशनमध्ये रमणच्याच तत्त्वावरचा असा प्रोब वापरून पाहिला. आपल्या खारघरला टाटाच्या कॅन्सर संशोधन केंद्रात, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये तोंडाच्या कॅन्सरसाठी याच रमण पद्धतीवर काम झालं आहे. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रानं, म्हणजे लेझरवर काम करणाऱ्या सरकारी संशोधन संस्थेनं, जे आपल्यापासून एका रात्रीच्या गाडीच्या अंतरावर आहे, गालाच्या आतली कातडी प्रकाशात कशी चमकते त्यावरून संशयित जागा हुडकणारं छोटं मशीन बनवलं, नाव ऑन्कोडायग्नोस्कोप. न कापता, न सुई टोचता.

आणि याची गरज नागपूरपेक्षा जास्त कोणाला असेल सांगा. 2012 पासून राज्यात गुटखाबंदी आहे आणि चौकाचौकात पानठेल्यावर पन्नीत खर्रा (सुपारी, तंबाखू, चुना) घोटणं सुरूच आहे. माझा भाचा ऑटो चालवतो, वय 29, दिवसाला सात-आठ खर्रे. मागच्या दिवाळीत पाहिलं तर पाणीपुरी तोंडात जाईना, फोडून खाऊन राहिला. मी म्हटलं तीन बोटं उभी घालून दाखव. दोनच गेली. सुपारीनं गालाच्या आत दोऱ्यासारखे पट्टे धरतात, तोंड उघडत नाही, आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. एका बाजूला पांढरा चट्टाही होता. नेलं, डॉक्टरनं टॉर्चनं पाहिलं, तुकडा काढून तपासायला पाठवला, आठ दिवस. ते आठ दिवस माझ्या बहिणीनं कसे काढले ते लिहीत नाही. रिपोर्टमध्ये कॅन्सर नव्हता. खर्रा सुटला का विचारू नका, कमी झाला म्हणते.

तर माझं म्हणणं एवढंच आहे साहेब, की ज्या उजेडाची आम्हाला खरी गरज आहे तो लॅबमध्ये आणि चाचण्यांमध्ये अडकला आहे, आणि ज्याची नाही त्याचे फ्लेक्स रामदासपेठेपासून मेडिकल चौकापर्यंत लागले आहेत. ते इंदूरचं मशीन आपल्याकडे तोंड तपासणीच्या शिबिरात काहून येत नाही, मेडिकल कॉलेजला लागूनच डेंटल कॉलेज आहे, तिथं याची रीतसर चाचणी का होऊ शकत नाही, हे तुमच्या वार्ताहरानं एकदा जाऊन विचारावं. उत्तर पैशाचं असेल तर पैशाचं छापा, फाइल अडकली असेल तर तसं छापा. मशीन शंभर टक्के बरोबर सांगत नसेल, बायोप्सी लागणारच असेल, तर तेही छापा, लोकांना समजते.

आणि पॅकेजच्या कागदाचं पाहा. ऑपरेशनच्या आधी जो एस्टिमेट देतात त्यावर लेझर लिहिलं असेल तर कोणतं लेझर, किती नॅनोमीटरचं, आणि ऑपरेशनच्या नेमक्या कोणत्या भागासाठी, एवढं एका ओळीत लिहायला काय जाते? किराणावाला तेलाच्या पिपावर वजन लिहितो.

पत्र लांबलं, माहीत आहे. कापायचं तर टर्कीवालं कापा, पण एस्टिमेटवालं ठेवा. आणि त्या पानावरची 'जाहिरात' ही अक्षरं जरा मोठी करता आली तर पाहा, मोतीबिंदूचे पेशंटही तुमचा पेपर वाचतात.

आपला,
महालातला एक जुना वाचक, नागपूर