फेब्रुवारीत रिव्हर क्रॉसिंग विकल्याबद्दल तक्रार

नमस्कार,

मी, बायको आणि आई-बाबा असे चौघं तुमच्या सेरेंगेटी पॅकेजने 9 ते 15 फेब्रुवारीला टांझानियाला जाऊन आलो. तुमच्या ब्रोशरच्या पहिल्याच पानावर मारा नदी पार करायला उड्या घेणारे वाइल्डबीस्ट (हरणांच्या जातीतले मोठे प्राणी) आणि खाली टपून बसलेली मगर असा फोटो आहे, आणि त्या 'क्रॉसिंग स्पेशल'चे माणशी 35 हजार जादा घेतलेत. बुकिंगआधी मी व्हॉट्सॲपवर विचारलं होतं की फेब्रुवारीत दिसेल ना नक्की, तर "सर, मायग्रेशन वर्षभर चालूच असतं" असं उत्तर आलं. कळपांचं हे स्थलांतर असतं हो चालू, पण कुठे ते सांगायचं तेवढं राहिलं!

पार्कमधल्या तिन्ही रात्री तुम्ही आम्हाला उत्तरेला कोगाटेंडेत ठेवलंत. पहिल्याच सकाळी नदीवर गेलो, कळप कुठेत विचारलं तर गाईडने दक्षिणेकडे हात केला आणि म्हणाला "पोले". आईला वाटलं पोळीचं काहीतरी म्हणतोय, दोन दिवस ब्रेडवर काढल्यावर दुसरं काय वाटणार. स्वाहिलीत त्याचा अर्थ सॉरी. मग त्यानेच सांगितलं की या दिवसांत कळप खाली एन्डुटूकडच्या कुरणांत असतात, पावसाने तिथलं आखूड गवत कोवळं असतं म्हणून, आणि फेब्रुवारीत तर पिल्लं होतात, दोन-तीन आठवड्यांत लाखोंनी. मारा नदीवर ते येतात साधारण जुलै ते ऑक्टोबर. तिकडे घेऊन चल म्हटलं तर पार्क साडेचौदा हजार चौरस किलोमीटरच्या वर, कच्च्या रस्त्याने अख्खा दिवस जाणार, आणि तिकडचं बुकिंगच नाही.

बाबा दोन तास दुर्बीण लावून बसले. समोर पाणघोडे डुंबत होते आणि काठावर एक मगर जबडा वासून पडलेली, तिलाही बहुतेक तुमच्याच ऑफिसने तारीख दिली असावी. सिंह दिसले, हत्ती दिसले, नाही म्हणत नाही, आणि गाईड सोन्यासारखा माणूस होता, उगाच त्याच्यावर ढकलू नका.

परत आल्यावर तुमच्याकडे चारदा फोन केला, दरवेळी "निसर्ग आहे सर, गॅरंटी नसते". अहो, एक दिवस मागेपुढे झाला असता तर मीही तेच म्हणालो असतो, इथे पाच महिन्यांचा फरक आहे!

चौघांचे जादा घेतलेले 1 लाख 40 हजार 15 दिवसांत परत करा. उत्तर मेलवरच द्या, फोन नको. नाही आलं तर ग्राहक आयोगात जाणार, व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट जोडलेत. आणि तो मगरीचा फोटो फेब्रुवारीच्या पॅकेजवरून तरी काढा.

आपला,
एक प्रवासी, ठाणे