अमेरिकेचे पश्चिमेकडे जाणारे रूळ : सुरुवात कुठून करशील?

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

सहावीच्या मुलांना अमेरिकेचा पश्चिमविस्तार सांगायचाय, सुरुवात कुठून करू, असं तू विचारलंस. देशाच्या आरपार जाणाऱ्या पहिल्या रेल्वेच्या शेवटच्या, सोन्याच्या खिळ्यापासून तेवढी करू नकोस. 10 मे 1869 ला युटातल्या प्रोमोंटरी समिटवर दोन बाजूंनी आलेले रूळ जोडले गेले, फोटो निघाले, तारेनं बातमी देशभर गेली. हे शेवटच्या पाच मिनिटांत येऊ दे. आधी मुलांना एक मैल रूळ टाकायला लाव.

फळ्यावर हिशोब मांड. रूळ 30 फुटांचा, मैल 5280 फुटांचा, म्हणजे दोन्ही बाजूंचे मिळून मैलाला 352 रूळ. एकेक सुमारे अडीचशे किलोचा. त्यांच्याखाली अडीच हजारांच्या आसपास लाकडी स्लीपर आणि प्रत्येक स्लीपरला चार खिळे. मग कामाचा क्रम सांग. पुढे मोजणीवाले खुंट्या ठोकत जातात, त्यांच्यामागून माती-भरावाच्या टोळ्या, मग स्लीपर. घोडा जुंपलेली गाडी रूळ आणते, दोन्हीकडचे गडी रूळ ओढून घेऊन पुढे धावतात आणि मुकादमाच्या इशाऱ्यावर खाली ठेवतात. दोन रुळांतलं अंतर 4 फूट साडेआठ इंच भरलं की घणवाले खिळे मारतात, मागचे लोक फिशप्लेटचे, म्हणजे दोन रुळांची टोकं जोडणाऱ्या पट्टीचे, बोल्ट आवळतात. यातली एक टोळी अडली तरी मागचे सगळे खोळंबतात. 28 एप्रिल 1869 ला कुणीच अडलं नाही आणि पश्चिमेकडून येणाऱ्या सेंट्रल पॅसिफिक कंपनीनं एका दिवसात दहा मैलांहून थोडा जास्त मार्ग टाकला. रूळ उचलणारे आयरिश गडी फक्त आठ! प्रत्येकानं किती वजन उचललं ते मुलांनाच काढू दे. शंभर टनांच्या वर जातं.

आता पैसा. हा भाग मुलांना जड जाईल असं समजून गाळू नकोस, त्याच्याशिवाय पुढचं काही उलगडत नाही. 1862 च्या कायद्यानं कंपन्यांना मैलामागे सरकारी कर्जरोखे मिळायचे: सपाटीला 16 हजार डॉलर, पर्वतांमधल्या पठारी मुलखाला 32 हजार, डोंगराला 48 हजार. शिवाय मार्गालगतची सरकारी जमीन, एक तुकडा सोडून एक. मग डोंगराचा दर मिळावा म्हणून कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोपासून अवघ्या सात मैलांवर, आर्केड क्रीक ओढ्याच्या सपाटीवरच, सिएरा नेवाडा पर्वत सुरू होतो असं ठरवून घेतलं गेलं! नेब्रास्काच्या माळावर झाडं नाहीत, म्हणून पूर्वेकडून येणाऱ्या युनियन पॅसिफिक कंपनीनं नदीकाठचं मऊ कॉटनवुड लाकूड झिंक क्लोराइड मुरवून वापरलं. ते लवकर कुजलं. गोठलेल्या मातीवर टाकलेला मार्ग बर्फ वितळल्यावर खचला. दोन कंपन्यांनी कुठे भेटायचं हे कायद्यात नव्हतं, त्यामुळे युटामध्ये त्यांच्या भरावाच्या टोळ्या एकमेकींना ओलांडून समांतर काम करत पुढे गेल्या. भेटीची जागा ठरली एप्रिल 1869 मध्ये.

सिएरा नेवाडावर मात्र थांब. त्याच्या माथ्यावरचा ‘समिट’ बोगदा (प्रोमोंटरीचा नव्हे) 1659 फुटांचा, अख्खा ग्रॅनाइटमधून. एकानं पहार धरायची आणि प्रत्येक घावागणिक थोडी फिरवायची, दोघांनी घण मारायचे. भोकात काळी दारू ठासून सुरुंग. दिवसाला एका तोंडाकडून जेमतेम फूटभर. म्हणून वरून मधोमध विहिरीसारखं विवर खणलं, म्हणजे दोनाऐवजी चार तोंडांवर काम चाललं. पुढे जागेवरच नायट्रोग्लिसरीन बनवून वापरलं. वेग वाढला, पण न फुटलेल्या सुरुंगावर घण पडला की माणसं जायची. हे काम बहुतेक चिनी मजुरांनी केलं. ते उकळलेला चहा पीत, त्यामुळे साध्या पाण्यानं होणारी हगवण त्यांच्यात कमी होती. पण गोऱ्या मजुरांना पगाराशिवाय जेवण मिळे, यांना स्वतःचं रेशन पगारातून घ्यावं लागे. जून 1867 मध्ये त्यांनी संप केला, तर कंपनीनं धान्य बंद करून तो आठवड्याभरात मोडला. आणि 1882 मध्ये कायदा करून चिनी मजुरांना देशाची दारं लावली. हे सांगताना आवाज खाली आणू नकोस. आपला बोरघाट रेल्वेला खुला झाला 1863 मध्ये, याच मार्गाचं काम सुरू झालं त्या वर्षी. मुलांना काळ लगेच कळेल.

हा मुलूख रिकामा नव्हता, हेही पहिल्याच तासाला सांग. 1862 च्या त्या कायद्याच्या दुसऱ्या कलमात लिहिलं होतं की मार्गात येणाऱ्या जमिनींवरचे मूळ रहिवाशांचे हक्क सरकार लवकरात लवकर संपवेल. लाकोटा, शायेन या तिथल्या मूळ रहिवाशांचं जगणं बायसनवर, म्हणजे माळावरच्या रानगव्यासारख्या जनावरावर, होतं. रेल्वेनं शिकारी आले आणि कातडी पूर्वेकडे जाऊ लागली. 1871 नंतर ती कमावायची नवी पद्धत निघाली आणि कारखान्यांतल्या यंत्रांचे पट्टे त्यांचे होऊ लागले. कारखाना आणि माळरान यांचा संबंध मुलांना इथे नेमका दिसतो.

उद्योगाची बाजू थोडक्यात ठेव. लोखंडी रूळ लवकर झिजत, म्हणून पोलादाची मागणी वाढली. 1875 मध्ये उद्योगपती अँड्र्यू कार्नेगीचा पिट्सबर्गजवळचा पोलाद कारखाना सुरू झाला तो रुळांसाठीच. आणि गावोगावच्या वेगवेगळ्या घड्याळांनी वेळापत्रकाचा घोळ व्हायचा, म्हणून 18 नोव्हेंबर 1883 ला रेल्वे कंपन्यांनी प्रमाणवेळेचे पट्टे लागू केले. याचं उदाहरण हवं तर मुंबई-नागपूरच्या सूर्योदयाची वेळ पंचांगात बघायला सांग.

एक खबरदारी. बऱ्याच पुस्तकांत ‘प्रोमोंटरी पॉइंट’ छापलेलं असतं, ती जागा दक्षिणेला ग्रेट सॉल्ट लेक या तळ्याकाठी आहे. नकाशावर ‘समिट’च दाखव. वर्गात 30 फुटांची दोरी आणि गेजची, म्हणजे दोन रुळांतल्या अंतराएवढी, पट्टी घेऊन जा. सहावीच्या आठ मुलांनी मिळून रूळ ‘उचलायचा’ असेल तर व्हरांडाच लागेल.

तासाचा आराखडा झाला की पाठव, आकडे तपासून देतो.

तुझा,
विनय