पाण्याचा मार्ग गळका निघालेल्या इनटेक मॅनिफोल्डबद्दल तक्रार

सोलापूर, १९ मे

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मार्चमध्ये मी तुमच्याकडून माझ्या १९७६च्या ट्रायम्फ स्पिटफायर १५००साठी रिकंडिशन केलेला इनटेक मॅनिफोल्ड (कार्ब्युरेटरमधून पेट्रोल-हवेचं मिश्रण सिलिंडरपर्यंत नेणारा भाग; तो तापवायला त्यातून इंजिनचं गरम पाणी फिरतं) २८,५०० रुपयांना घेतला. ‘पाण्याचा मार्ग प्रेशरवर तपासला’ असं बिलावर तुमच्या शिक्क्यासह लिहिलं आहे.

तो बसवल्यावर पहिल्याच फेरीत तुळजापूरला गेलो. तिथे अर्धा तास थांबून गाडी सुरू केली, तर मागून गोडसर वासाचा पांढरा धूर आणि इंजिन तीनच सिलिंडरवर. त्यानंतर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, रोज कमी व्हायला लागलं. मेकॅनिकला हेड गॅस्केटचा (सिलिंडरवरच्या झाकणाखालच्या सीलचा) संशय आला म्हणून हेड उतरवलं. गॅस्केट शाबूत होतं, पण तीन नंबरचा प्लग धुऊन काढल्यासारखा पांढरा. शेवटी मॅनिफोल्डच्या पाण्याचं एक तोंड बंद केलं, दुसऱ्यातून सायकलच्या पंपाने हवा भरली आणि तो बादलीत बुडवला. मागच्या कार्ब्युरेटरच्या पोर्टमधून, म्हणजे मिश्रणाच्या वाटेतून, बुडबुडे आले. आतलं ॲल्युमिनियम खाल्लं जाऊन सुईच्या टोकाएवढं भोक पडलंय. गाडी बंद केली की दाबाखालचं गरम कूलंट तिथून पोर्टमध्ये झिरपायचं. आम्ही जे बादलीत पाहिलं, ते तुमच्या तपासणीत का दिसलं नाही?

तुमचं उत्तर आलं: ‘तुमच्याकडे उन्हाळा कडक, मॅनिफोल्डचं पाणी बंद करून टाका.’ सोलापुरात या गरम पाण्याची गरज नाही, हे मलाही ठाऊक आहे. पेट्रोलची वाफ होताना उष्णता ओढली जाते, थंड देशात मॅनिफोल्ड गार पडून पेट्रोलचे थेंब भिंतींना चिकटतात, कार्ब्युरेटरमध्ये बर्फही धरतो. त्यासाठी ही सोय. इथे मेमध्ये पारा ४२च्या पुढे जातो, उलट पेट्रोलच उकळायची भीती. तेव्हा पाणी बंद करायचं की नाही, ते मी माझं ठरवीन. पण म्हणून तुमचं भोक झाकलं जात नाही. ही गाडी मी आठ वर्षं खपून मूळ रूपात उभी केली आहे, तिच्यात बुच मारलेला गळका भाग मला नको.

मॅनिफोल्डची पूर्ण किंमत आणि हेड उतरवण्याचे, नव्या गॅस्केटचे ९,२०० रुपये पंधरा दिवसांत परत करा. नाहीतर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९नुसार मी इथल्याच जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. बिल आणि फोटो सोबत जोडले आहेत. मॅनिफोल्ड जपून ठेवलाय, तुमचा माणूस पाठवा, त्याच्यासमोर पुन्हा बादलीत बुडवून दाखवतो.

आपला ग्राहक,
होटगी रोड, सोलापूर