नाण्याची एकच बाजू का छापली?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला सातवाहनांवरचा लेख वाचला. लेखकाची कळकळ पोचली. पण ‘परक्यांकडून काहीही न घेता उभे राहिलेले राज्य’ हे वाक्य चौकटीत ठळक छापण्याआधी शेजारचे छायाचित्र तरी कुणी नीट बघायला हवे होते.

त्याखाली ‘गौतमीपुत्र सातकर्णीचे चांदीचे नाणे’ एवढेच लिहिले आहे. हे नाणे मुळात पाडले क्षहरात घराण्यातल्या नहपान या शक क्षत्रपाने, म्हणजे पश्चिम भारतातल्या परक्या सत्ताधीशाने. एका बाजूला त्याचा मुखवटा आणि भोवती ग्रीक लिपी, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी. ग्रीक अक्षरांतला मजकूरही प्राकृतच आहे. गौतमीपुत्राने नहपानाचा पाडाव केल्यावर ही नाणी वितळवली नाहीत. मुखवट्यावर कमानींच्या टेकडीचा आणि स्वतःच्या नावाचा ठसा मारला, मागे क्रूसाने जोडलेल्या चार वर्तुळांचे उज्जैन चिन्ह उमटवले आणि नाणी पुन्हा बाजारात सोडली. ठसा जरा सरकला की खालून नहपानाचे नाक, हनुवटी, ग्रीक अक्षरांचे तुकडे दिसतात. तुम्ही छापलेल्या नाण्यावरही डाव्या कडेला ती अक्षरे आहेत. 1906 साली नाशिकजवळ जोगळटेंभीला सापडलेल्या साठ्यात अशी सुमारे 13 हजार नाणी होती आणि त्यांतल्या 9 हजारांहून अधिक नाण्यांवर हा दुसरा ठसा आहे.

वितळवली का नाहीत? सातवाहनांची रोजची नाणी शिशाची, पोटीनची (तांबे-शिशाच्या मिश्रधातूची), तांब्याची. दख्खनमध्ये चांदी निघत नाही. ती भडोचच्या बंदरातून येई. पेरिप्लसमध्ये, म्हणजे पहिल्या शतकातल्या ग्रीक सागरी प्रवासवर्णनात, भडोचला उतरणाऱ्या मालाची यादी आहे: इटलीची दारू, तांबे, कथील, शिसे, पोवळे आणि सोन्या-चांदीची नाणी. ही नाणी स्थानिक नाण्यांशी बदलताना नफा होतो, असेही तिथे नोंदवले आहे. रोमन दीनार वितळवूनच नहपानाची नाणी पाडली गेली असावीत, असा अनेक अभ्यासकांचा कयास आहे. म्हणजे व्यापाऱ्यांच्या हातात खेळणारा पैसा गौतमीपुत्राला तयार मिळाला आणि त्याने तो शहाणपणाने तसाच चालू ठेवला. पुढे वासिष्ठीपुत्र पुळुमावीने आणि यज्ञ सातकर्णीने चांदीवर स्वतःचा मुखवटा छापला. ही चाल सरळ क्षत्रपांची.

लेखात हे युद्ध केवळ धर्मरक्षणाचे म्हणून रंगवले आहे. गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिच्या नाशिकच्या शिलालेखात त्याला ‘शक-यवन-पह्लवांचा नाश करणारा’ (यवन म्हणजे ग्रीक, पह्लव म्हणजे पार्थियन) असे बिरुद आहे, हे खरेच. पण भांडण कुठे झाले ते नकाशावर बघा. पैठण आणि तेरचा माल, म्हणजे गोमेदासारखे दगड, जाडेभरडे कापड, मलमल, समुद्राकडे उतरतो तो नाशिक, जुन्नर, नाणेघाट, कार्ले याच पट्ट्यातून. नेमक्या याच ठिकाणी दोन्ही बाजूंचे शिलालेख आहेत. जुन्नरला नहपानाचा अमात्य अयम याचा लेख, वर्ष 46. कार्ल्याला करजिक गाव आधी नहपानाचा जावई उषवदात दान देतो आणि नंतर सातवाहनांचा हुकूम तेच गाव भिक्षूंना देतो. नाशिकला गौतमीपुत्र आपल्या 18व्या वर्षी 200 निवर्तनांचे (निवर्तन हे जमिनीचे जुने माप) शेत देतो, तेही पूर्वी उषवदाताकडे असलेले. पेरिप्लस सांगते की कल्याण पूर्वी खुले बंदर होते, पण आता तिथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेतात. बंदर आणि घाट ज्याच्या हाती, जकात त्याची. राज्ये यावर उभी राहत होती.

उषवदाताला एका शब्दात ‘आक्रमक’ म्हणून निकालात काढले, याचा मला खरोखर राग आला. पांडवलेण्यांत 10 क्रमांकाच्या लेण्यातला त्याचा लेख एकदा सावकाश वाचा. विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, 2 हजार कार्षापण (त्या काळची नाणी), दरमहा शेकडा एक व्याजाने. वर्षाचे झाले 240. त्यातून लेण्यात राहणाऱ्या 20 भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी 12. हिशेब पैशाला पैसा जुळतो. दुसऱ्या श्रेणीकडे हजार, शेकडा पाऊण दराने, म्हणजे वर्षाला 90. मुद्दल परत मागायची नाही, फक्त व्याज खायचे. व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगरसभेत, वाचून दाखवला आणि नोंदवलाही. शिवाय 8 हजार नारळाची झाडे, भडोच-सोपाऱ्याला धर्मशाळा, तापी, दमणगंगा, डहाणूच्या नदीवर फुकट नावा. शक राजाचा जावई नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांकडे ठेव ठेवतो आणि विणकरांची श्रेणी पेढीचे काम करते, याहून बोलका पुरावा आणखी कोणता हवा?

कार्ल्याच्या खांबांवर धेनुकाकट या गावच्या यवनांची नावे आहेत. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने पाण्याची टाकी खोदवून दिली आहेत. आणि इ.स. 150च्या गिरनारच्या शिलालेखात शक क्षत्रप रुद्रदामन म्हणतो की दक्षिणापथपती सातकर्णीला दोनदा हरवूनही जवळच्या नात्यामुळे सोडून दिले. सोयरीक झाली होती. पुरवणीतल्या लेखात यांपैकी एकही ओळ नाही.

जाता जाता आणखी एक. त्याच पानावर नाणेघाटाच्या लेण्याचे छायाचित्र आहे, त्यात सातवाहन राणी नागनिकेच्या शिलालेखातली अक्षरे खडूने भरलेली दिसतात. हा प्रकार थांबला पाहिजे. खडू पुसताना झिजलेल्या दगडाच्या कडा निघतात आणि चुकीच्या खाचेत भरलेला खडू वाचणाऱ्याची दिशाभूल करतो. अक्षरे टिपायची तर एका बाजूने तिरपा उजेड टाकावा, तो पुरतो. असली छायाचित्रे तुम्ही छापलीत तर पुढचा माणूस खडू घेऊनच घाट चढेल.

येत्या रविवारी त्या नाण्याच्या दोन्ही बाजू मोठ्या आकारात छापा आणि खाली लिहा: ‘नहपानाचे नाणे, गौतमीपुत्र सातकर्णीच्या ठशासह.’

आपला,
एक नियमित वाचक, नाशिक