वटवाघळांना आंघोळ घालू नका

महोदय,

गावातल्या पोरांनी पाहुणे बोलावून वडावरच्या वटवाघळांवर पाणी मारलं, फांद्यांना मातीची भांडी टांगली, त्या बातमीचा कालच्या अंकातला पान तीनवरचा फोटो झकास आहे. वडाच्या शेंड्यावर अग्निशमनच्या बंबाचा झोत, आभाळभर काळे पंख आणि खाली ओळ : 'तहानलेल्या पक्ष्यांना दिलासा'. वटवाघूळ पक्षी नाही, पिल्लाला अंगावर पाजणारा प्राणी आहे, पण ते असो. आभाळात दिसतात ती दिलासा मिळालेली नाहीत, घाबरून उठलेली आहेत. भर दुपारी, आणि तुमच्याच बातमीप्रमाणे पारा 44 वर असताना!

वटवाघळाला घाम येत नाही. ते पंखांनी वारा घेतं, थुंकीनं अंग ओलं करतं, शेवटी तोंड उघडून धापा टाकतं. पारा 42 च्या वर गेला की एवढ्यानं भागत नाही. ऑस्ट्रेलियात 12 जानेवारी 2002 या एका दिवशी साडेतीन हजारांहून जास्त वटवाघळं उष्म्यानं मेली. अशा उन्हात उडायला लावलं की उरलीसुरली ताकदही जाते. शिवाय या दिवसांत माद्यांच्या पोटाला पिल्लं बिलगलेली असतात. वर्षाला एकच पिल्लू, आणि मादी दचकून उठली की ते सुटून खाली पडू शकतं.

पोरांची कळकळ खोटी नाही, साधन चुकलं. बंब नको, पाठीवरचा 16 लिटरचा फवारणी पंप पुरे, बारीक तुषारांचं नोझल लावून. पंप मात्र कोरा हवा. कपाशीवर औषध मारलेला पंप कितीही धुतला तरी नको, कारण अंगावर पडलेलं पाणी ती चाटतात. वरच्या फांद्यांवर पंख हलवत बसलेल्यांच्या वाटेला जाऊच नये. धापा टाकत बुंध्याकडे उतरलेली, एकमेकांना चिकटून घोळका केलेली असतील तेवढ्यांवरच फवारावं. माणसं दोन, बोलणं बंद. हवा दमट असेल तर फवारा आणखी कमी, कारण पाणी वाळलं तरच गारवा मिळतो.

पडलेलं पिल्लू उघड्या हातानं उचलू नये. जाड हातमोजे, जुना टॉवेल, भोकं पाडलेला खोका. आत टॉवेल उभा लावावा म्हणजे त्याला लटकता येतं. गाईचं दूध पाजू नये. चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठावा.

फांद्यांना टांगलेली मातीची भांडी चिमण्यांना लखलाभ! हे मोठं वटवाघूळ उडता उडता पोट पाण्याला टेकवतं आणि मग ओले केस चाटतं. त्याला मोकळा पाणवठा लागतो. गावातला तलाव जलपर्णीनं गच्च भरलाय, तिकडे बंब न्यायचं कोणाला सुचलं नाही.

बातमीत पाहुण्यांची नावं अकरा आहेत. वनविभागाचा मदत क्रमांक 1926 मात्र कुठेच नाही.

– एक वाचक, अकोला