‘रस्ता’ शोधला तर ‘रस्त्यावरील’ सापडले पाहिजे

संपादक महोदय,

पुण्यातल्या अनेक मराठी संकेतस्थळांवर शोधपेटीत ‘रस्ता’ लिहिले, तर ‘रस्त्यावरील खड्डे’ हे पान येत नाही. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत शोधासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ल्यूसीन या तयार संचामध्ये हिंदी, बंगाली, नेपाळी, तमिळ, तेलुगूचे अ‍ॅनालायझर (मजकुराचे शोधण्याजोगे शब्द करणारे भाग) तयार मिळतात; मराठीचा मिळत नाही. मग हिंदीचाच लावून काम उरकले जाते. त्याला ‘वरील’, ‘मध्ये’, ‘साठी’ कुठून ठाऊक असणार?

मराठीचा अ‍ॅनालायझर स्वतः रचणे फार अवघड नाही. ‘कर्मचाऱ्यांची’ हा शब्द दोन तऱ्हांनी टंकला जातो: कुणी ऱ वापरतो, कुणी र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, इंडेक्समध्ये, म्हणजे शोधासाठी केलेल्या शब्दसूचीत, वेगळे पडतात. म्हणून शब्द तोडण्याआधीच अक्षरे बदलणाऱ्या मॅपिंग कॅरेक्टर फिल्टरने जोडचिन्ह काढावे आणि ऱ चा र करावा. ‘प्रभाग १२’ आणि ‘प्रभाग 12’ एक व्हावेत यासाठी अंक एकाच लिपीत आणणारा डेसिमल डिजिट फिल्टर आहेच.

खरी मेहनत प्रत्ययांवर. लांब प्रत्यय आधी काढावा: ‘रस्त्यावरील’चे ‘रस्त्या’ होते. मग सामान्यरूपाचा ‘्या’ आणि मूळ शब्दाच्या शेवटचे ा, ी, े गाळले की ‘रस्त्या’ व ‘रस्ता’ दोन्ही ‘रस्त’वर येतात. हिंदीतली लेखनभिन्नता मिटवणारा हिंदी नॉर्मलायझेशन फिल्टर यापूर्वी लावू नये. तो हलन्तच पुसतो, मग ‘्या’ ओळखायचा कसा? शिवाय तो दीर्घाचे ऱ्हस्व करतो, त्यामुळे ‘दिन’ आणि ‘दीन’ एक होतात.

या छाटणीत माळ, माळा आणि माळी एकच होतात, हे मान्य. त्यासाठी न छाटलेल्या शब्दांचे दुसरे फील्ड (इंडेक्समधला वेगळा कप्पा) ठेवून त्याला जास्त वजन द्यावे, म्हणजे नेमका शब्द वर येतो. इंडेक्स करताना आणि शोधताना अ‍ॅनालायझर एकच हवा. त्याचे नियम बदलले की सगळा मजकूर पुन्हा इंडेक्स करावा. हे राहून गेले की जुनी पाने शोधातून गायब होतात.

इंडेक्समध्ये लिहिणारा इंडेक्सरायटर संपूर्ण अ‍ॅप्लिकेशनसाठी एकच असावा. दर विनंतीला नवा उघडला, तर पहिला बंद होईपर्यंत दुसरा इंडेक्सच्या कुलपावर (एका वेळी एकालाच लिहू देणारी सोय) अडतो. शोधताना इंडेक्स वाचण्यासाठी ल्यूसीनचाच सर्चरमॅनेजर वापरावा.

संकेतस्थळ बनवून घेणाऱ्या संस्थांना विनंती, की काम ताब्यात घेताना ‘रस्ता’, ‘कर्मचारी’ आणि ‘प्रभाग १२’ एवढे तीन शोध समोर करून घ्यावेत.

– एक जावा प्रोग्रॅमर, कोथरूड, पुणे